तांदळाभर पुढं

ट्रॅक्टरला हात लावण्याआधी मिस्त्री एकच प्रश्न विचारतात, "याआधी कुणी उघडलाय?" उत्तर काहीही द्या, त्यांची मान नकारार्थीच हलते.

मालकाचा ट्रॅक्टर म्हणजे जुना बी-२७५. कांदिवलीच्या कारखान्यात बनलेला, पस्तीस हॉर्सपॉवरचा. हल्ली तो सकाळी सुरू व्हायला रडतो, पांढरा धूर सोडतो आणि उसाची ट्रॉली लावली की चढाला मान टाकतो. मिस्त्रींनी फाटकातूनच निकाल दिला, "टायमिंग मागं गेलंय."

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी पंपानं डिझेल फवारायचं, हेच ते टायमिंग. लवकर फवारलं तर इंजिन खडाखडा ठोकतं, उशिरा फवारलं तर नुसता धूर आणि आळस. ते जुळवायला फ्लायव्हीलवर खूण असते, पंपाच्या फ्लँजवर खूण असते, कंपनीचं पुस्तकही असतं. मिस्त्रींच्या मते हा सगळा सरंजाम कान नसलेल्यांसाठी.

ते स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. अशा वेळी अंगणात कुणी खोकलं तरी शिवी हाताखालच्या बारक्याला बसते. मग फ्लँजचे नट ढिले करून पंप फिरवायचा. किती? "तांदळाभर पुढं." दुखणं जास्त असेल तर ज्वारीभर. शेंगदाण्यापर्यंत गेलेला ट्रॅक्टर त्यांनी एकच पाहिलाय म्हणे, आणि तो आधी दुसऱ्या मिस्त्रीनं उघडलेला होता. हसू नका. पंपाचा एक फेरा होतो तेव्हा क्रँकचे दोन होतात, म्हणजे पंपावरचा एक अंश इंजिनाला दोन अंशांना पडतो. तांदूळ इथे लहान नाही.

"ऐका आता, मालक." मालकाला कालच्यासारखंच ऐकू येतं, पण न कळणाऱ्या रागाला दाद द्यावी तशी तो मान डोलावतो.

मालकाचा डिप्लोमावाला भाचा मध्येच म्हणाला, "काका, आधी एक नंबरचा पिस्टन वर आणून खुणा जुळवा ना."

"कुठल्या वेळी वर आणू, बाळ? एका चक्रात तो दोनदा वर येतो. एकदा दाबायला, एकदा धूर काढायला."

भाचा गप्प. आणि पंचाईत अशी, की मिस्त्रींनी हात लावल्यावर ट्रॅक्टर खरंच सुधारतो.

फ्लँज पुसताना छिन्नीची एक वाकडी खूण दिसली. "बघा! कुण्या गाढवानं मारलीय ही?"

"तुम्हीच," बारक्या म्हणाला. "मागच्या दिवाळीत."

मिस्त्रींनी खुणेकडे बराच वेळ पाहिलं.

"तेव्हा बरोबर होती. आता हवा बदललीय."

हवा बदलल्याचे पैसे मालकाच्या बिलात लागले.