नऊ महिने आणि वर काही दिवस

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच तपासणीत कार्डावर 6 जून ही तारीख लिहिली आणि त्या दिवसापासून ती सगळ्या खानदानाच्या मालकीची झाली. मामांनी पेरणीआधीची कामं तिच्या मागंपुढं बसवली. मावशीनं पंढरपूरला जायचं पुढं ढकललं. पुण्यातल्या नवऱ्यानं पनवेल-नांदेड गाडीचं आरक्षण केलं, रद्द केलं, पुन्हा केलं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि लगेच भरतं, हे पोटातल्या जिवाला कोण सांगणार?

तारीख काढायची रीत तशी सोपी. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरायचा, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे. झाले साधारण 280 दिवस. ही रीत हाइडेलबर्गच्या फ्रान्झ नेगेले या जर्मन प्राध्यापकाच्या नावानं चालते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला माणूस. (त्यानंही ती बोअरहाव नावाच्या डच वैद्याच्या हवाल्यानं दिली होती, पण नाव लागलं जर्मनाचं.) ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही लहानपणापासून छाती काढून म्हणत आलो. का म्हणता, असं विचारलं तर दहा जण दहा कारणं सांगतात. मला माझ्यापुरतं अकरावं सापडलं आहे.

आजी गंगाखेडची. तिचा नेगेलेशी परिचय नाही. तिच्या हिशेबात नऊ महिने नऊ दिवस, म्हणजे प्राध्यापकमहाशय आणि आजी यांच्यात भांडण फक्त दोन दिवसांचं. एकाच्या मागं विद्यापीठ, दुसरीच्या मागं स्वतःची बाळंतपणं आणि अख्ख्या वाड्याची केलेली. मी दोन्ही आकडे तिच्यापुढं ठेवले. ती म्हणाली, “लेकरू म्हंजे काय येष्टी हाय का, टायमावर निघायला?” यात शास्त्रही आजीच्याच बाजूनं आहे. नेमक्या दिलेल्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. बाकीची बहुतेक दोन-तीन आठवडे इकडं किंवा तिकडं. तरीही तारीख लिहितातच. माणसाला वाट बघायला एक खुंटी लागते.

मे महिन्यातली परभणी आणि नववा महिना, हे दोन्ही एकदम कुणाच्या पत्रिकेत नसावं. रोज पेपरात कृषी विद्यापीठाच्या हवाल्यानं पारा छापून येतो; तो बेचाळीसच्या वर गेला की गावाला उगाच अभिमान वाटतो. मी कूलरसमोर बसते. कूलरला पाणी लागतं आणि नळ कधी येईल याचा अंदाज काढणारा नेगेले अजून जन्मायचाय. अशा उन्हात आईनं बाळंतिणीसाठी डिंक तळायला घेतला. खारीक, खोबरं, बाळंतशेपा, अळीव, सगळं उष्णच. घरात पाऊल टाकलं तरी शेक बसतो.

कपड्यांचा कायदा वेगळा. बाळ यायच्या आधी नवं काही आणायचं नाही आणि आल्यावर अंगाला पहिलं लागायचं ते जुनंच. म्हणून आजीनं आपल्या नऊवारीची दुपटी फाडली, भावाच्या लहानपणीचं झबलं ट्रंकेतून निघालं. त्याला डांबरगोळ्यांचा वास होता, तो जावा म्हणून झबलं आता रोज उन्हात. मी मात्र मोबाइलवरून चोरून टोपडी मागवली. पार्सल आजीनंच घेतलं. कुणासाठी, असं तिनं विचारलं नाही आणि पार्सल अजून मला दिलेलंही नाही.

गल्लीचं काम अंदाजाचं. चाल जड आहे, मुलगा; चेहऱ्यावर तेज आहे, मुलगी; आंबट खाते, मुलगा; पण गोडही खाते, मग बघावं लागेल. 1994च्या कायद्यानं सोनोग्राफीवाल्यांची तोंडं बंद केली, गल्लीसाठी त्यात कलम नाही. आजीनं मात्र मुलीचं नाव पक्कं केलंय: जनाबाई. गंगाखेडच्या माणसानं दुसरं काय सुचवावं! मुलाचं नाव तिनं काढलेलंच नाही. यावरून तिचा अंदाज मला कळला आणि तोच मला सगळ्यांत आवडला.

परवा रात्री कळा आल्या. भाऊ उठला, शेजारचा ऑटो उठला, तो सुरू होताना गल्ली उठली. दवाखान्यात तपासून सांगितलं, या खोट्या कळा, घरी जा. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1872 साली या कळांचं वर्णन करून ठेवलंय. पण पहाटे रिकाम्या हातानं परत आलेल्या बाईनं दारात उभ्या काकूंना काय सांगायचं, ते त्यानं लिहिलेलं नाही. “काय गं, झाली का मोकळी?” काकूंनी विचारलं आणि माझ्या पोटाकडं बघून स्वतःच म्हणाल्या, “आणखीन नाही की.” जणू मीच आत धरून ठेवलंय.

खरं सांगायचं तर थोडं धरलेलंच आहे. बाळानं सुखरूप यावं, एवढं एक सोडलं तर मला कसलीच घाई नाही. या घरात मी लेक म्हणून लोळते आहे. बाळ आलं की मीही कुणाची तरी आई होणार, मग माझ्याकडं बघायच्या आधी लोक माझ्या कडेकडं बघणार. आत्ता अजून ताटावर पहिली हाक मला येते. पाठीखाली लोड मला मिळतो. आईनं आंबे कापले की कोय माझ्या वाटीत पडते. काल भाऊ म्हणाला, “खाऊन घे, पुढच्या वर्षीपासून कोयी भाच्याच्या नाहीतर भाचीच्या.” मी माझी कोय चोखली आणि त्याच्या वाटीतलीही उचलली. पोटुशीला नाही म्हणू नये, असं आजी स्वयंपाकघरातून ओरडली.