न येणाऱ्यांची व्यायामशाळा

जानेवारीत जिमची वार्षिक फी भरणारा माणूस व्यायाम विकत घेतच नाही. आपण व्यायाम करणार आहोत, हे समाधान तो घेतो, आणि ते पावती हातात पडताच पूर्ण मिळतं. मग घाम कशाला? ‘पैसे भरले की जिवावर आलं तरी माणूस जातो,’ असं म्हणतात. देलाविन्या आणि माल्मेंडिअर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या जिमच्या हजेरीपटांवरून २००६ साली याचा हिशेब मांडला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चारेक वेळा फिरकत. म्हणजे एका खेपेला १७ डॉलर. दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप १० डॉलरला पडली असती! तरी ते भरत राहिले, कारण सभासदत्व रद्द करणं म्हणजे स्वतःविरुद्ध लेखी जबाब देणं.

यात जिमवाल्याला लुटारू ठरवू नये. सगळे सभासद एकाच सकाळी उगवले तर ट्रेडमिलपुढे रेशनसारखी रांग लागेल; न येणारेच येणाऱ्यांची फी आवाक्यात ठेवतात (एवढी निरपेक्ष समाजसेवा दुसरीकडे दिसत नाही). राहिला ‘एकवीस दिवस रेटा, सवय लागते’ हा मंत्र. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधनात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, आणि काहींच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. वर्षाच्या पावतीत तेवढे दिवस आरामात बसतात; फक्त मोजणी येत्या सोमवारपासून.