मुरतं ते मीठच

मटणाला मसाला कोरडा चोळावा की दह्यात कालवून रात्रभर ठेवावा, या वादात नांदेड-लातूरकडची माणसं फारशी पडत नाहीत. वाद रंगेपर्यंत पातेलं रिकामं होतं. पण फ्रिज आणि यूट्यूब घरोघरी आल्यापासून दहीवाल्यांचा जोर वाढलाय. जितके तास मुरवाल तितका मसाला आत उतरतो, असं ते छातीठोकपणे सांगतात. तंदुरी कोंबडीची तंगडी आडवी चिरून बघावी: वर लालभडक पातळ थर, आत पांढरंफटक मांस. लवंग, दालचिनी, मिरची यांचा अर्क तेलात विरघळणारा. पाण्याने भरलेल्या मांसात तो शिरत नाही, उंबऱ्यावरच बसून राहतो. आत जातं ते मीठ. ते मांसातलं पाणी बाहेर ओढतं, त्यातच विरघळतं आणि सावकाश आत सरकतं. म्हणजे कोरडं चोळलेलं मीठ आपली ओल आपणच मिळवतं. म्हणून आपल्याकडे मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळलं की भागतं, आणि काळा मसाला नि येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ, रश्श्यात पडतं. जो आत जाणारच नाही, त्याची मनधरणी करायची कशाला? भाकरी चुरली की घासाघासाला तो मिळतोच.

दह्याने मांस मऊ होतं, हे खरं. पण आंबटपणाची करामत वरवरच चालते, आणि मऊपणासाठीच लावलेली कच्ची पपई जास्त वेळ राहिली तर बोटीचा वरचा भाग लगदा होतो. बिर्याणीचा आक्षेप मात्र वजनदार आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेडला कच्च्या गोश्ताची बिर्याणी परकी म्हणता येत नाही, आणि ती दह्याशिवाय होत नाही. कबूल. पण कणकेने तोंड बंद केलेल्या त्या हंडीत रस्सा नसतो. वाफ, आंबटपणा, मसाला, सगळं दह्यालाच पुरवावं लागतं. तिथे दही हाच रस्सा.

कोरड्याचं कौतुक म्हणजे टंचाईचं कौतुक, असंही कुणी म्हणेल. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकातल्या चान्या, म्हणजे वाळवलेलं मांस, गरजेतून आल्या, त्यांना खाद्यपरंपरेचा फेटा बांधून मिरवणं निर्लज्जपणाचं ठरेल. पण चोळलेल्या मिठाला हा आरोप लागू होत नाही, कारण त्यापुढे रश्श्यातल्या पाण्याची चैनच आहे. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथेही रस्सा पातळच लागतो. आणि ऐनवेळी चार पाहुणे वाढले तर त्यात आणखी तांब्याभर पाणी ओतता येतं. दह्यात मुरवलेल्या बोट्यांना ही सोय नाही.