बेस गिटार : निगा, दुरुस्ती आणि बँडमधली नांदणूक

बेस गिटार हे विजेवर चालणारे चार तारांचे वाद्य असून बँडमध्ये त्याची जागा ताल आणि सूर यांच्या मधोमध असते. त्यामुळे ठेका घसरला की गायक बेसवाल्याकडे बघतो आणि सूर घसरला की ड्रमर. जाड तारेकडून बारीक तारेकडे जाताना ई, ए, डी, जी असे स्वर लागतात. सर्वांत जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते. एवढा खालचा स्वर मोबाईलच्या स्पीकरला झेपत नाही. म्हणून कार्यक्रमाचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला की त्यात बेसवादक नुसती बोटे हलवताना दिसतो, आणि 'तुलाही वाजवायला देतात का रे मधूनमधून?' अशी आपुलकीची चौकशी होते.

हे वाद्य आजच्या रूपात बाजारात आले ते 1951 साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी. ते काढणारे लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याआधी खालचे स्वर वाजवायला माणसाच्या उंचीचा डबल बेस लागे. तो गाडीत मावत नसे आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गदारोळात ऐकूही येत नसे. फेंडर यांनी त्याला गिटारचा आकार दिला, फ्रेट म्हणजे स्वरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या पट्ट्या बसवल्या आणि तारांची कंपने टिपणारा पिकअप लावला. साध्या गिटारवाल्यालाही बेस वाजवता यावा हा त्यामागचा एक हेतू होता. तो गरजेपेक्षा जास्तच सफल झाला. तीन गिटारवाले जमले की त्यातल्या सर्वांत भिडस्त माणसाच्या गळ्यात बेस पडतो, हा रिवाज तेव्हापासून चालू आहे. 1961 मध्ये हँबुर्गला बीटल्समधून बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला तेव्हा बेस कोणालाच नको होता. तो पॉल मॅकार्टनीकडे आला. त्याने तीसेक पौंडांत जर्मन बनावटीचा हॉफ्नर घेतला. पुढे त्याचे बरे चालले.

वाद्य दणकट असते, पण सुखाने राहत नाही. चार तारांचा मिळून नेकवर ऐंशी किलोच्या आसपास ताण पडतो. म्हणजे एखादा सुखवस्तू गृहस्थ रात्रंदिवस त्याला लोंबकळत असतो. त्याला तोलून धरायला नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि हा तोल बिघडतो. मग तारा एक तर इतक्या उचलल्या जातात की बोटे दुखतात, किंवा इतक्या बसतात की प्रत्येक स्वराबरोबर फ्रेटवर खडखडतात. तपासणी सोपी आहे. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबून धरायची आणि मधली फट बघायची. व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी फट ठीक. लग्नपत्रिका पाकिटासकट जात असेल तर ॲलन की शोधावी. सळई घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली की आवळते, पण तोंड तिच्या नटाकडे करून. ही शेवटची अट फोनवरून सल्ला देणारे मित्र सांगत नाहीत. एका वेळी पाव वळसा द्यावा आणि लाकूड स्थिरावायला दिवसभर थांबावे, असा नियम आहे. जाणकार दिवसभर थांबतो. हौशी माणूस चहाला उकळी येईपर्यंत थांबतो आणि आणखी पाव वळसा देतो. सळईचा आटा या दुसऱ्या वर्गातल्या लोकांकडून जातो.

विजेच्या तक्रारींत पहिला मान गुणगुणीचा. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 फेरे घेते आणि पिकअपची गुंडाळी ती इमानेइतबारे उचलते. बेसवरचा पांढरी पाचचा स्वर 49 कंपनांचा आणि त्याच्या वरचा काळी चारचा जवळजवळ 52 कंपनांचा. म्हणजे ही गुणगुण नेमकी दोन स्वरांच्या फटीत बसते आणि कुठल्याही गाण्यात बेसूरच लागते. मांडवात जनरेटर असेल तर लोड वाढल्यावर ती आणखी थोडी खाली उतरते, त्यामुळे दिव्यांच्या माळा लागल्याचे बेसवाल्याला डोळे मिटूनही कळते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंग शाबूत आहे असे समजावे. हात लावल्यावर वाढत असेल तर ब्रिजखाली गेलेली वायर बहुधा तुटलेली असते. दोन पिकअपच्या जॅझ बेसवर दोन्ही पिकअप सारख्या आवाजात ठेवले की गुणगुण आपोआप कापली जाते, कारण त्यांच्या गुंडाळ्या एकमेकींच्या उलट दिशेने भरलेल्या असतात. दोन्ही पूर्ण उघडे ठेवणे हा सर्वांत स्वस्त इलाज. आतून तांब्याची पट्टी चिकटवणे हा सर्वांत चिकट.

तुटलेली वायर जोडणे पुस्तकात एका वाक्यात संपते. प्रत्यक्षात ती वायर व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर सोल्डर करायची असते, आणि ही पाठ म्हणजे पत्र्याची डबी. पंचवीस वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची सगळी धग ती डबी पिऊन टाकते. वितळलेला थेंब पाऱ्यासारखा घरंगळत खाली येतो आणि ट्रॅक पँटवर पडतो. पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडावी, जरा जाड टोक वापरावे आणि डबीच पुरेशी तापू द्यावी, हे दुसऱ्या ट्रॅक पँटच्या वेळी ठाऊक झालेले असते. जोड चकचकीत दिसला तर पक्का. राखाडी आणि दाणेदार दिसला तर तो कार्यक्रमातल्या दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकतो.

नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या बेसची एक खोड आहे. यात वेगळे बटण नसते. केबलची पिन खोचली की सर्किट चालू आणि काढली की बंद. सरावानंतर केबल तशीच राहिली की बॅटरी रात्रभर आतल्या आत सरते. अशी बॅटरी लगेच मरत नाही. ती कार्यक्रमाची वाट बघते, आधी आवाज फाटतो आणि मग तो जातो. हे कळेपर्यंत ॲम्प, केबल आणि साउंडवाला या तिघांचाही उद्धार होऊन गेलेला असतो.

तारा जुन्या झाल्या की मंद बोलू लागतात. नवा संच गिटारच्या संचापेक्षा बराच महाग पडतो, म्हणून तारा उकळण्याची पद्धत रूढ आहे. पाण्यात दहाएक मिनिटे उकळल्या की वेटोळ्यांत साचलेला घाम आणि मळ सुटतो आणि तारा काही दिवस पुन्हा झणझणतात. यासाठी स्वयंपाकघरातले कोणते पातेले घ्यावे यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. ते कोणाला सांगून घेऊ नये यावर एकमत आहे.

हे सगळे करणाऱ्याने डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनचे चरित्र वाचू नये. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांना त्याचा बेस आहे. वाद्य 1962 सालचे, फेंडरचे प्रिसिजन. तार तुटली तरच तो ती बदलत असे, आणि साचलेला मळच आवाज घडवतो असे मानत असे. उजव्या हाताच्या एकाच बोटाने तो वाजवी. त्याची वाद्यसेवा एवढीच, आणि तरीही जगभरचे वादक आजवर त्याच्यासारखा आवाज यावा म्हणून पैसे खर्च करतात.

दुरुस्ती आणि 'प्रोजेक्ट' यांत फरक करायला हवा. दुरुस्तीत बिघडलेले वाद्य चालू होते; प्रोजेक्टमध्ये चालू वाद्य उघडले जाते. सुरुवात एखाद्या स्वस्तातल्या जुन्या बेसपासून होते. मूळ रंग आवडत नाही म्हणून तो घासून काढतात आणि बॉडी बाल्कनीत दोरीला टांगतात. शेजारी धुतलेले कपडे असतात, त्यामुळे रंगाचा दुसरा हात घरच्यांच्या संमतीशिवाय देता येत नाही. मग बेसच्या किमतीहून महाग पिकअप परदेशातून मागवले जातात, त्यावर कस्टम ड्यूटी भरली जाते, आणि ते आल्यावर बॉडीतली खाच दोन मिलिमीटरने लहान निघते. ती पटाशीने मोठी करायची असते. इथे बरेच प्रोजेक्ट कायमचे थांबतात. कपाटावरच्या खोक्यात नेक, डब्यात स्क्रू आणि मालकाच्या तोंडी 'जवळजवळ झालाय' हे वाक्य एवढे उरते.

तडीस गेलेलीही उदाहरणे आहेत, आणि तीच घातक ठरतात. 'द हू' या इंग्रज बँडच्या जॉन एन्टविसलने 1967 मध्ये पाच मोडक्या बेसचे धड भाग जोडून एक बेस उभा केला आणि त्याला फ्रँकेन्स्टाइन म्हटले. त्याच्या पश्चात 2003 मध्ये तो लिलावात साठ हजार पौंडांच्या वर गेला. बेसवादक जॅको पास्टोरियसच्या 1962 च्या जॅझ बेसचे फ्रेट काढलेले होते, खाचा लांबीने बुजवलेल्या होत्या आणि त्यावर होड्यांना लावतात ते इपॉक्सी चढवलेले होते. या वाद्याने बेसवादनाची दिशाच बदलली. ही हकीकत वाचून फ्रेट उपटणारे पुष्कळ आहेत. फ्रेट निघतातही सहज. ते निघाल्यावर प्रत्येक स्वर नेमका कुठे आहे हे आता बोटाने आणि कानाने शोधायचे आहे, हा शोध मागाहून लागतो. त्यानंतरची पायरी म्हणजे फ्रेट बसवून देणाऱ्या कारागिराचा पत्ता.

एवढी खटपट माणसे का करतात, याचे उत्तर बँडमध्ये सापडते. वाद्यातल्या बिघाडाला कारण असते आणि इलाजही असतो. बँडमधल्या बिघाडाला नुसतीच कारणे असतात.

पहिले कारण भूमितीचे. बेसच्या जाड तारेच्या स्वराची लहर हवेत आठ मीटरहून थोडी लांब असते. जॅमरूम बहुधा चौदाएक फुटांची, म्हणजे या लहरीच्या बरोबर निम्मी. अशा खोलीत हा स्वर भिंतींपाशी घुमतो आणि मध्यभागी जवळपास नाहीसा होतो. ड्रमर भिंतीला टेकून बसलेला असतो, बेसवाला जागा उरते म्हणून मधे उभा असतो. बेसवाल्याला स्वतःचे काही ऐकू येत नाही, म्हणून तो आवाज वाढवतो. ड्रमरचे दात हलतात, म्हणून तो कमी कर म्हणतो. दोघेही खरे बोलत असतात. जागांची अदलाबदल केली तर वाद मिटेल, पण ड्रम हलवायला कोणी तयार नसते, त्यामुळे दोघांचे बोलणे बंद पडते. तोवर खालचे स्वर भिंती ओलांडून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत पोचलेले असतात. रात्री दहाचा नियम लाउडस्पीकरसाठी आहे असे त्यांना सांगून पाहावे. उपयोग होत नाही.

दुसरे कारण गायकाच्या पट्टीचे. मराठी गायक पट्टी सांगतो ती पेटीच्या भाषेत, आणि 'काळी दोन' हे त्याचे ठरलेले उत्तर. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर पांढरी तीन. म्हणजे गायकाचा षड्ज बेसच्या तळाच्याही अर्धा स्वर खाली पडतो. तो वरच्या सप्तकात घ्यावा लागतो आणि मग गाण्याला पाया नाही अशी तक्रार येते. तार उतरवून घेतली तर पुढच्या गाण्याला गायिका काळी चार सांगते. म्हणून पाच तारांचा बेस घेतला जातो. त्यात खाली आणखी एक तार मिळते, खांद्यावर आणखी वजन येते, आणि ज्या दिवशी तो आणावा त्या दिवशी गायकाचा घसा बसलेला असतो.

तिसरे कारण अर्थशास्त्राचे. ऑर्केस्ट्राच्या आयोजकाला बजेट कापायचे असले की 'कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस काढेल' ही कल्पना सुचते. तो काढतोही, आणि फारसे कोणी विचारत नाही. उलट जिथे बेस लागतोच तिथे बेसवादक मिळत नाही, म्हणून एकच वादक चार बँडमध्ये असतो, आणि चारही बँडना 31 डिसेंबरलाच कार्यक्रम असतो.

नावलौकिकाविषयी थोडक्यात. जेमर्सनचे नाव मोटाउनच्या एखाद्या मोठ्या अल्बमवर ठळक छापून यायला 1971 उजाडावे लागले. तो अल्बम मार्विन गेचा. मुंबईत राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. ती गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत त्यांतल्या किती जणांना हे नाव सांगता येईल, याची पैज लावू नये. 1988 मध्ये मेटॅलिका या बँडच्या अल्बममध्ये नव्याने आलेल्या जेसन न्यूस्टेडचा बेस मिक्सिंगमध्ये इतका दाबला गेला की तो जवळपास ऐकूच येत नाही. अल्बम तुफान खपला, हे गिटारवाले आजही आठवणीने सांगतात.

चोरांना मात्र या वाद्याची कदर आहे. मॅकार्टनीचा हॉफ्नर 1972 मध्ये चोरीला गेला, तो परत मिळाल्याचे 2024 मध्ये जाहीर झाले. जॅकोचा बेस 1986 मध्ये न्यूयॉर्कमध्ये गेला आणि वीस वर्षांनी उगवला. जेमर्सनचा 1983 मध्ये, त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी गेला. तेव्हा बेस बाळगणाऱ्याने त्यावरचा सीरियल नंबर टिपून ठेवावा, समोरून आणि मागून फोटो काढावेत आणि खरेदीचे बिल जपावे. बिलावरची रक्कम घरी सांगितलेल्या रकमेशी जुळत नसल्यास ते घराबाहेर जपावे.