चिवड्याबरोबर घ्या

सायखेड्यात जाऊन कुणाला द्राक्षाची गोडी शिकवू नये. ऑक्टोबरच्या छाटणीला इथे गोडी छाटणीच म्हणतात, आणि फेब्रुवारीत व्यापारी बागेत शिरला की रामराम करण्याआधी विचारतो, ‘ब्रिक्स किती?’ मणी नुसता जिभेवर ठेवून साखरेचा आकडा सांगणारे गोदाकाठी पारावर बसलेले सापडतील. हाच गडी पाहुण्यांना घेऊन एखाद्या वायनरीत गेला, की त्याच्या हाती कोरडी, तुरट, लाल वाईन ठेवतात. तो ‘छानंय’ म्हणत गिळतो. गोड मागितली तर अडाणी ठरू, ही धास्ती.

अडाणी ठरवणाऱ्यांना एवढंच सांगा, की 1855 साली बोर्दोच्या वाईनींची प्रतवारी लागली, तेव्हा सोतेर्नची शातो दिकेम सगळ्यांच्या वर एकटीच बसवली गेली. ती गोड आहे. तिथे बोट्रायटिस नावाची बुरशी मण्यातलं पाणी ओढून घेते, साखर मागे ठेवते, आणि वेलीमागे जेमतेम पेलाभर वाईन निघते. आपल्याकडे बुरशीचा नुसता संशय आला तरी ब्लोअर सुरू होतो, तिकडे ती आली की पेढे वाटत असतील. (आपली डावणी आणि भुरी त्या खानदानातल्या नव्हेत. हे वाचून कुणी फवारणी थांबवू नये.)

जर्मनी-कॅनडाची तऱ्हा आणखी निराळी. शून्याखाली सात-आठ अंशांवर वेलीवरच गोठलेली द्राक्षं तोडून तशीच पिळायची. थंडी निफाडातही काही कमी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा चार-पाचावर आला की पेपरात बातमी येते आणि बागांत शेकोट्या पेटतात, कारण गारठ्यानं मणी तडकतात. म्हणजे थंडीचा ताप पुरता आपला, आइसवाईन मात्र कॅनडाची.

आपल्या हवेला झेपणारा उद्योग वेगळा. घड वेलीवर जरा जास्त दिवस ठेवायचे, सुरकुतू द्यायचे, आणि यीस्टनं सगळी साखर फस्त करण्याआधी रस थंड करून आंबवणं थांबवायचं. त्याच कुंदेवाडीची रेव्हेलो आणि नाशिकची सुला शेनिन ब्लांकची अशी ‘लेट हार्वेस्ट’ करतात. सुलाची बाटली अर्धीच, 375 मिलीची. भाव ऐकून कुरकुर करणाऱ्यानं मार्चमध्ये बागेत उभं राहावं. शेजाऱ्याचा माल गेलेला, पैसे मोजून झालेले, आणि आपण घड वेलीवर ठेवून गारपिटीचे ढग बघतोय.

बारमधल्या स्वस्त, गुळमट ‘पोर्ट’ला या घरात घेऊ नका. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली. रस आंबत असतानाच तिच्यात द्राक्षाचं मद्य ओततात, म्हणून गोडी राहते आणि ताकदही वाढते.

आता गोड वाईन प्यायची कशी? गार करून, लहान पेल्यात, दोन-चार घोट. जाणकार म्हणतात, जेवणानंतर डेझर्टबरोबर घ्या. पण आपल्याकडे जेवणानंतर गोड असतं कुठे? श्रीखंड पहिल्या घासापासून ताटात असतं. त्यात वाईन पदार्थाहून गोड नसली की आंबट लागते. पुरणपोळीपुढे ती हरणार, गुलाबजामपुढे तर अनामत जप्त. फ्रेंच माणूस हीच वाईन खारट निळ्या चीजबरोबर घेतो. खारट-तिखटाचा तुटवडा नाशिक जिल्ह्याला कधीपासून पडला? चिवडा घ्या, तळलेले शेंगदाणे घ्या, धीर असेल तर ठेचा घ्या. तिखटानं पेटलेल्या जिभेवर गार, गोड घोट उतरला की ‘ही नवशिक्यांची वाईन’ म्हणणारा जाणकारही दुसरा पेला पुढे करतो.

जानेवारी 2022 मध्ये सरकारनं सुपरमार्केटात वाईन विकायचं ठरवलं आणि वाईन म्हणजे दारू की नाही यावर राज्यभर घसे बसले. ती प्यायला कशी लागते, हे त्या गदारोळात मला तरी कुणी विचारलेलं ऐकू आलं नाही.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये आठवडाभर राहते. फक्त चिठ्ठी काढू नका. रंग सोनेरी असतो, सासूबाई मध समजून काढ्यात घालतील.