चोर सोडून संन्याशाला

इंग्रजीत वाईट माणसांसाठी जे शब्द आहेत, त्यांच्या मूळ घरी एकदा जाऊन यावं. दार उघडायला येणारा पुष्कळदा सज्जनच निघतो. ‘व्हिलन’च्या घरी लॅटिन भाषेतला एक गरीब शेतमजूर भेटतो. ‘व्हिला’ म्हणजे धनिकाची शेतवाडी आणि तिथे राबणारा तो व्हिलानस. त्याने कुणा नायिकेला पळवलेलं नसतं, कुणाच्या दुधात विष कालवलेलं नसतं. त्याच्या पायांना चिखल लागलेला असतो, इतकंच. वाड्यातल्या मंडळींना तो चिखल आवडला नाही आणि पुढच्या काही शतकांत तो पायांवरून सावकाश चारित्र्यावर चढला. आपल्याकडे निळू फुल्यांनी पडद्यावर जे जे केलं, ते सगळं आता या कष्टकऱ्याच्या खात्यावर जमा आहे. गंमत अशी की खुद्द निळूभाऊ नट म्हणून गाजण्याआधी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. म्हणजे तो शब्द त्यांना मूळ अर्थानेही शोभला असता.

हा एकच खटला असता तर नजरचूक म्हणून सोडून देता आला असता. पण ‘हझी’ म्हणजे उठवळ बाई, ती मुळात ‘हाउसवाइफ’, घर सांभाळणारी. घाईघाईत उच्चारून उच्चारून नाव आखूड झालं आणि त्याबरोबर अब्रूही. ‘नेव्ह’ म्हणजे लबाड. तो आधी नुसता मुलगा होता, मग घरगडी झाला, आणि गडी म्हटला की हात मारणारच, अशा मालकी खात्रीने त्याला लबाड ठरवण्यात आलं. पत्त्यांच्या जोडात तो अजून उभा आहे. आपण त्याला गुलाम म्हणतो आणि राणीच्या खाली ठेवतो. ‘इम्प’ म्हणजे सैतानाचं पिल्लू, पण जुन्या इंग्रजीत तो होता झाडाचा कोवळा कोंब, कलम बांधायला घेतलेली डहाळी. रत्नागिरीच्या एखाद्या बागायतदाराला हे कळलं, तर तो आपल्या हापूसच्या कलमांकडे जरा संशयानेच बघेल. सगळ्यांत करुण कथा ‘बुली’ची. सोळाव्या शतकात ही जिवलगाला मारायची लाडाची हाक होती. शे-दीडशे वर्षांत तोच शब्द दुबळ्यांना छळू लागला आणि आता मागच्या बाकावर बसून धाकट्यांचे डबे खातो. प्रेमाचं असं होतं, हे घरोघरी ठाऊक असलं, तरी शब्दकोशात छापलेलं पाहून वाईट वाटतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा रिवाज अख्ख्या टोळ्यांनाही चुकला नाही. ४१० साली गॉथांनी रोम लुटलं आणि ४५५ साली व्हँडलांनी. पुढे इटालियन पंडितांनी टोकदार कमानींच्या बांधकामाला गॉथांचं नाव दिलं, तेही हिणवण्यासाठीच. पण इमारती इतक्या देखण्या निघाल्या की हिणवणं विरून गेलं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर मान वर करून आपण व्हिक्टोरियन गॉथिक शैलीला दाद देतो, त्या कौतुकाचा थोडा शिंतोडा त्या जुन्या लुटारूंवरही उडत असणार. व्हँडलांच्या नशिबी असं स्थानक नव्हतं. फ्रेंच राज्यक्रांतीत कलाकृतींची मोडतोड चालली होती, तेव्हा १७९४ साली आबे ग्रेग्वार यांनी त्या प्रकाराला ‘व्हँडलिझम’ म्हटलं. व्हँडलांचं राज्य बुडून तेव्हा साडेबाराशे वर्षं होऊन गेली होती. हातोडे फ्रेंचांचे आणि बदनामी त्यांची! आज लोकलच्या डब्यातली सीट फाडणाऱ्यालाही त्यांचंच आडनाव लागतं.

याउलट जे खरोखर शिव्या म्हणून जन्माला आले, ते मात्र मजेत सुटले. ‘रास्कल’ फ्रेंचमधून इंग्लंडात आला तो हलक्या जमावासाठी, मग बदमाशांसाठी. आता नातवाच्या गालाला हात लावून आजोबा तोच शब्द वापरतात. ‘नॉटी’ म्हणजे आधी ज्याच्यापाशी काहीच नाही असा कफल्लक, शेक्सपियरच्या काळात चांगला दुराचारी, आणि आज भिंतीवर खडूने हत्ती काढणारा. आमच्या चाळीत एक निवृत्त काका होते. मराठीत ते अतिशय सौम्य, पण राग आला की इंग्रजीत शिरत. त्यांच्या गॅलरीत चेंडू गेला की ‘यू रास्कल!’ असं कडाडत. आम्हांला भीती वाटायच्या ऐवजी बढती मिळाल्यासारखं वाटे. घरी आम्ही नुसती कार्टी होतो; रास्कल व्हायला काहीतरी इयत्ता लागत असावी. पुढे पुढे चेंडू परत देताना ते हाच शब्द अशा मायेने उच्चारू लागले की त्यामागोमाग लिमलेटची गोळी येणार, हे ठरूनच गेलं. रागाचे शब्द पाट्यासारखे असतात. रोजच्या वाटण्याने गुळगुळीत होतात, मिरची नुसतीच घसरू लागते. टाकी लावणारी दारावरून ओरडत जाते, पण ज्या घरात तिखट कमीच लागतं तिथे तिला थांबवणार कोण?

आपणही काही वेगळे नाही. गुडघे फोडून घरी येणाऱ्या पोराला आपण व्रात्य म्हणतो. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याचा गौरव आहे. मनुस्मृतीत मात्र तो वेळेवर मुंज न झालेला, संस्कारांबाहेर पडलेला. स्तुती, बहिष्कार आणि शेवटी शेजाऱ्यांची फुटलेली काच, एवढा मोठा प्रवास करून तो आपल्या अंगणात पोचला आहे. तिकडे इंग्रजीतही निकाल अजून लागतच असतात. ‘ब्रॅट’ म्हणजे लाडावलेलं, हट्टी कार्टं. २०२४ साली चार्ली एक्ससीएक्स या ब्रिटिश गायिकेने आपल्या अल्बमला ते नाव दिलं, आणि त्याच वर्षी कॉलिन्स शब्दकोशाने त्याला वर्षाचा शब्द म्हणून मिरवलं. नवा अर्थ, कुणाची पर्वा न करता आत्मविश्वासाने जगणारा. वांडांचं हे असं नेहमीच नीट होतं. त्यांच्यापाशी वेळ असतो, मित्र असतात, गाणी असतात. रदबदली करायला कुणी ना कुणी उभं राहतं. अपील त्या ‘हझी’लाही करता आलं असतं. पण नेमकी तारखेच्या दिवशी घरी पंगत असते, आणि पहिल्याच पानावर एखादा रास्कल बसलेला असतो. त्याला आग्रह करून वाढायला तीच हवी.