खपणारे ॲप कसे निवडावे : राधानगरी तालुक्यापुरते

व्यापाराच्या दृष्टीने मोबाइल ॲपचे तीन प्रकार पडतात. पहिल्याची जाहिरात करावी लागते, दुसऱ्याबद्दल तक्रार करावी लागते आणि तिसऱ्याबाबत दोन्हींपैकी काहीच करावे लागत नाही, कारण ते कोणी उघडतच नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा मुलगा साधारणपणे तिसऱ्या प्रकारापासून सुरुवात करतो, पहिल्या प्रकारावर घरच्यांचे पैसे घालवतो आणि अखेर पुण्याला जाऊन दुसऱ्या प्रकारचे ॲप बनवणाऱ्या कंत्राटदाराकडे नोकरीला लागतो. ॲप आधी बनवायचे आणि ते कोणाला विकायचे हे नंतर ठरवायचे, या पद्धतीचा तो परिणाम आहे. विकायला सोपी कल्पना आधी निवडली तर निदान घरच्यांचे पैसे वाचतात.

विकायला सोपी कल्पना म्हणजे एका वाक्यात सांगून होणारी कल्पना. हे वाक्य किती लांब असावे याचे माप तालुक्यात तयार आहे. सकाळी डेअरीत दूध घालायला उभ्या असलेल्या माणसाची किटली मापात ओतल्यापासून यंत्रावर फॅटचा आकडा दिसेपर्यंत जेवढे बोलून होईल, तेवढेच. आकडा दिसल्यावर बोलण्यात अर्थ नसतो. तो कमी आला तर माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो आणि चांगला आला तर त्याला आयुष्यात कसलीच उणीव जाणवत नाही. वाक्यात ‘प्लॅटफॉर्म’ किंवा ‘सोल्यूशन’ आले की अर्धा वेळ गेला असे समजावे. ‘इकोसिस्टम’ हा शब्द तर वापरूच नये. ती तालुक्यात पूर्वीपासून आहे आणि २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाबरोबर राधानगरी अभयारण्यालाही जागतिक वारशाच्या यादीत घेतले आहे. दुसरी कोणी मागितलेली नाही.

जाहिरातीचा खर्च शून्यावर आणण्याची खात्रीची पद्धत फक्त सरकारला साधली आहे. जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ या ॲपवरून भरायला सुरुवात झाली. ॲपचा रंग कोणता, चिन्ह कसे, हे कोणी पाहिले नाही. महिन्याला १,५०० रुपये हे वाक्य किटली खाली ठेवायच्या आत सांगून होते. सुनेच्या हातातल्या मोबाइलला वर्षानुवर्षे नावे ठेवणाऱ्या सासवा त्या महिन्यात ‘चार्जिंग हाय न्हवं?’ असे स्वतःहून विचारू लागल्या. अर्ज भरता भरता अंगणवाडी ताईंचे अंगठे दुखले, सर्व्हर पुनःपुन्हा बसला, तरी एकीनेही ‘ॲप काढून टाकते’ म्हटले नाही. ग्राहकाची निष्ठा म्हणतात ती हीच, आणि तिचा दर शासनाने जाहीर केलेला आहे.

लोभ नसेल तिथे भीतीवर काम भागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर राबवलेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून ॲपवर पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद चढवायची असते. नोंद नसेल तर पुढे नुकसानभरपाईपासून हमीभावाच्या खरेदीपर्यंत कुठेही अडू शकते. असे ॲप गिऱ्हाईक शोधत हिंडत नाही, गिऱ्हाईकच रेंज शोधत हिंडते. दाजीपूरकडच्या वाड्यांवर ती सापडेपर्यंत पीक कापणीला येते, हा भाग वेगळा.

खासगी उद्योजकाजवळ वाटायला पैसे नसतात आणि दाखवायला तलाठी नसतो. त्याला उरतो तो तिसरा मार्ग, आणि अभ्यास करण्यासारखा तोच आहे. लोक रोज जो प्रश्न विचारतात, तो उचलायचा. महाराष्ट्रातले याचे उत्तम उदाहरण म्हणजे सचिन टेके यांचे एम-इंडिकेटर. स्मार्टफोन सर्रास होण्यापूर्वी, जावावर चालणाऱ्या साध्या फोनवर ते आले आणि मुंबईच्या लोकल गाड्यांचे वेळापत्रक खिशात बसले. ‘पुढची गाडी किती वाजता?’ हा प्रश्न त्या शहरात दिवसाला लाखो वेळा विचारला जातो आणि विचारणारा घाईत असतो. एकाने शेजाऱ्याच्या फोनवर पाहिले, शेजाऱ्याने मेहुण्याला दिले, मेहुण्याने अख्ख्या डब्याला. फलकांचा खर्च करण्याची वेळच आली नाही.

हे पाहून तालुक्यात पहिली कल्पना सुचते ती एसटीची. राधानगरीला स्वतंत्र आगार आहे, प्रवासी आहेत, घाईही आहे. पण इथला प्रश्न वेगळा आहे. मुंबईकर ‘गाडी कधी?’ असे विचारतो, तर सरवड्याच्या किंवा सोळांकूरच्या फाट्यावरचा माणूस ‘गेली काय गाडी?’ असे विचारतो. पहिल्याचे उत्तर वेळापत्रकात असते, दुसऱ्याचे फाट्यावरच्या टपरीवाल्याकडे. टपरीवाला बॅटरीवर चालत नाही, त्याला अपडेट लागत नाही, आणि गाडी गेली असेल तर कोणत्या पाहुण्याची जीप मागून येत आहे हेही तो सांगतो. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर भांडवल घालू नये.

दुसरी कल्पना धरणाची, आणि ती मात्र सोन्यासारखी आहे. भोगावती नदीवरचे राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले आणि ते पुरे व्हायला स्वातंत्र्य उजाडून गेले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आले की दरवाजा पाण्याच्याच जोरावर उघडतो, पातळी उतरली की मिटतो. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते. ते भोगावतीतून खाली जाते, कासारी, कुंभी आणि तुळशीच्या पाण्यासह पंचगंगेत येते आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर फुटाने मोजले जाते. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. तेव्हापासून जुलै लागला की कोल्हापूर ते शिरोळ पट्ट्यातला माणूस पत्नीच्या तब्येतीच्या आधी राधानगरीची दारे किती उघडली ते विचारतो.

बाजारपेठ एवढी तयार कोणत्याच मालाला मिळत नाही. प्रश्न एका ओळीचा, उत्तर एका आकड्याचे, विचारणारे लाखांत, आणि नावातच ‘राधानगरी’ असल्याने ॲपची ओळख करून द्यायला नको. अडचणी दोनच. पहिली म्हणजे हे दुकान पावसाळ्यापुरतेच चालते. जून ते सप्टेंबर माणूस मध्यरात्री उठून ॲप उघडतो आणि दिवाळीला फोनमध्ये जागा करायची वेळ आली की सर्वांत आधी तेच उडवतो. दुसरी अडचण व्हॉट्सॲपची. दरवाजा उघडतो न उघडतो तोच धरणाजवळच्या फेजिवड्याकडून कोणीतरी व्हिडिओ सोडतो, तो ‘जसा आला तसा पुढे’ या तत्त्वावर शिरोळपर्यंत पोचतो, आणि पाणी पोचायच्या आत तिथे म्हशी दावणीवरून सोडलेल्या असतात. व्हिडिओ कधी कधी तीन वर्षांपूर्वीचा असतो. तरीही लोकांचा विश्वास त्यावरच बसतो, कारण तो मामाने पाठवलेला असतो. ॲपला मामा नसतो. शिवाय ज्या दरवाजांना उघडायला बटण लागले नाही, त्यांची खबर घ्यायला लोकांनी बटण का दाबावे, हा प्रश्न राहतोच.

पर्यटनाच्या कल्पना सांगायला सर्वांत सोप्या आणि चालवायला सर्वांत निरुपयोगी असतात. अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचे आहे, दाजीपूरचा गवा त्याच्या नावाशी जोडलेला आहे आणि मे अखेरीस वळवाचे पाऊस पडले की झाडांवर काजवे लखलखतात. त्यासाठी काजवा महोत्सवही भरतो. ‘जवळचा काजवा दाखवणारे ॲप’ हे वाक्य पुण्यातल्या कोणत्याही गुंतवणूकदाराला पहिल्या घोटात पटते. मात्र काजवा हा प्रकाश जोडीदाराला बोलावण्यासाठी करतो आणि जवळपास दुसरा उजेड असला की त्याचा संसार मोडतो. म्हणून काजवे पाहताना मोबाइल बंद ठेवायला सांगतात. मोबाइल बंद असतानाच उपयोगी पडणारे ॲप अजून कोणाला जमलेले नाही. शिवाय हंगाम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा आणि जंगलात रेंज नाही. गव्याचे ॲप याच्या उलट. पर्यटकाला हवा असतो तेव्हा गवा दिसत नाही. तो शेतात शिरतो तेव्हा शेतकरी जवळच असतो, पण त्या वेळी त्याच्या हातात मोबाइलऐवजी बॅटरी आणि डबा असतो.

उरला ऊस, आणि इथे या शास्त्राचा खरा कस लागतो. गळीत हंगाम सुरू झाला की तालुक्यातला प्रत्येक ऊसकरी ‘तोड कधी येणार?’ हे विचारत असतो. साखर कारखान्याकडे लागणीची तारीख नोंदलेली आहे, क्षेत्र नोंदलेले आहे, पाळी ठरवण्याचे नियम छापलेले आहेत. संगणकाला हे गणित अर्ध्या मिनिटाचे. गिऱ्हाईक हजारो, निकड जीवघेणी, कारण उभा ऊस वाळला की वजन घटते. खपाच्या सर्व कसोट्यांवर ही कल्पना धरणाच्याही पुढे जाते. तरीही ती हाती घेणारा तरुण हंगामभरात गप्प होतो.

त्याचे कारण पाठ्यपुस्तकात येत नाही. ॲप खपते प्रश्नावर, पण चालते उत्तरावर, आणि उत्तर ज्याच्याकडे आहे त्याला ते सांगायचे असावे लागते. धरणाचा दरवाजा पाण्याचे ऐकतो, कारखान्याच्या संचालकाच्या व्याह्याचे नाही. तोडीच्या पाळीला मात्र पुष्कळांचे ऐकावे लागते. कोणाची तोड कोणाच्या आधी आली हे सर्वांना मोबाइलवर दिसू लागले तर तोडीची चिठ्ठी आणणाऱ्या चिटबॉयला चहा कोण पाजणार, गट ऑफिसात नमस्कार कोण घालणार आणि निवडणुकीत उपकार कशाचे मोजायचे? तोडणी टोळीला द्यायची खुशाली आणि ट्रॅक्टरवाल्याला द्यायची एन्ट्री या रकमा तर कोणत्याच खात्यात बसत नाहीत. त्या ऑनलाइन भरण्याची सोय केली तर ॲप एका दिवसात प्रसिद्ध होईल, फक्त प्रसिद्धी पोलीस ठाण्याच्या बाजूने येईल. म्हणून तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या प्रश्नावर आजही सर्वांत जुनी व्यवस्था चालते. चिटबॉयच्या मोटारसायकलचा आवाज आला की माणसे बांधाकडे पळतात.

कल्पना पक्की झाल्यावर गूगलच्या दुकानात खाते उघडण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ही अडचण मुळीच नाही. अडचण पुढे आहे. नव्या वैयक्तिक खात्याचे ॲप बाजारात येण्यापूर्वी किमान १२ जणांनी ते सलग १४ दिवस तपासणीसाठी स्वतःकडे ठेवावे अशी अट आहे; सुरुवातीला हा आकडा २० होता. हा नियम करणाऱ्यांना भावकी माहीत नसावी. बारा माणसे भावकीत सहज निघतात, पण बांधाच्या वादामुळे त्यातली सहा उरलेल्या सहांशी बोलत नाहीत. थोरल्याने ॲप ठेवले हे कळताच धाकटा ते काढतो. तेराव्या दिवशी आकडा अकरावर येतो आणि चौदा दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते. ज्याच्या घरात जत्रेच्या मटणाचे नियोजन होते त्यालाच ही पायरी पार करता येते.

नावाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ‘माझी’, ‘आपली’, ‘स्मार्ट’ आणि ‘ई’ हे चार शब्द सरकारने संपवले आहेत.

उद्घाटन मात्र टाळता येत नाही. त्यासाठी एसटी स्टँडसमोर डिजिटल बोर्ड लावतात. बोर्डावर वरच्या ओळीत नेते, मधल्या ओळीत मार्गदर्शक, खालच्या ओळीत शुभेच्छुक मित्रमंडळ, आणि ॲपचे चित्र एखाद्या कार्यकर्त्याच्या गॉगलएवढ्या जागेत. उद्घाटकाकडून व्यासपीठावरच ॲप उघडून घ्यावे असे ठरलेले असते. तिथे वायफाय नसल्याने ते उघडत नाही आणि उद्घाटक नारळ फोडून वेळ निभावतात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते, तीत सर्व उपस्थितांची नावे असतात आणि ॲपचे नाव चुकलेले असते. खर्चाच्या हिशेबात हाच भाग सर्वांत मोठा असल्याने यालाच मार्केटिंग म्हणतात.

पुण्याच्या ॲग्रोस्टार या कृषी कंपनीने यापेक्षा स्वस्त मार्ग काढला होता. तिने सुरुवातीच्या काळात शेतकऱ्यांसाठी मिस्ड कॉल देण्यापुरतेच काम ठेवले. शेतकऱ्याने कॉल द्यायचा आणि कंपनीने उलट फोन करून त्याला काय हवे ते विचारायचे. ॲप नंतर आले. मिस्ड कॉल शिकवण्यासाठी मेळावा घ्यावा लागत नाही.

राधानगरीतले धरणाचे ॲप अखेर बंद पडतेच. फोनची प्रणाली दरवर्षी बदलते, तिच्याबरोबर ॲप सुधारले नाही तर ते नव्या फोनवर दिसेनासे होते, आणि तोवर बनवणारा मुलगा हिंजवडीत दुसऱ्याच्या ॲपमधल्या चुका काढत असतो. मात्र उद्घाटनाच्या बोर्डावर संपर्कासाठी त्याचा मोबाइल नंबर छापलेला होता आणि तो लोकांनी ‘धरण’ या नावाने फोनमध्ये जतन केलेला असतो. जुलैत मुसळधार लागली की त्याला शिरोळहून फोन येऊ लागतात. तो ऑफिसातून गावात मामाला फोन करतो, मामा दार उघडून फेजिवड्याच्या दिशेने कानोसा घेतो आणि आकडा सांगतो. ही सेवा मोफत आहे आणि तिला जाहिरात लागलेली नाही.